दोन पेट्या आणि एक मतदार

२०२४ सालच्या मे महिन्याच्या २० तारखेस भिवंडी लोकसभा मतदारसंघांत मतदान झालें, आणि त्याच सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या २० तारखेस या मतदारसंघाच्या पोटांतील सहा विधानसभा मतदारसंघांत पुन्हां मतदान झालें. मध्यें बरोबर सहा महिने गेले. पहिल्या वेळीं लोकांनीं केंद्रांतील राज्यमंत्री कपिल पाटील यांना घरीं बसविलें, व शरद पवार यांच्या राष्ट्रवादी काँग्रेसचे सुरेश म्हात्रे ऊर्फ बाळ्यामामा यांना दिल्लीस पाठविलें. दुसऱ्या वेळीं याच लोकांनीं सहांपैकीं पांच जागा म्हात्रे यांच्या विरुद्ध बाजूच्या पदरांत टाकल्या. असें कांहीं घडलें म्हणजे सुशिक्षित मंडळींत एक ठराविक उद्गार ऐकूं येतो: आपला मतदार चंचल आहे, त्याला आज एक वाटतें आणि उद्यां दुसरें. हा निवाडा इतक्या झटपट द्यावा असें आम्हांस वाटत नाहीं.

मतदार दोन निवडणुकांत दोन प्रकारें कां वागतो, हा प्रश्न आतां केवळ कुतूहलाचा राहिलेला नाहीं. लोकसभा व विधानसभा यांच्या निवडणुका कायद्यानें एकत्र बांधून टाकाव्या, अशा आशयाचें एकशें एकोणतिसाव्या घटनादुरुस्तीचें विधेयक १७ डिसेंबर २०२४ रोजीं लोकसभेंत मांडलें गेलें व पुढें संयुक्त समितीकडे सोपविण्यांत आलें. त्याच्या पुरस्कर्त्यांचा एक आवडता युक्तिवाद इतिहासाचा आहे. १९५२, १९५७, १९६२ व १९६७ या चारहि निवडणुका एकत्र झाल्या. नंतर ती घडी विसकटली. ती पुन्हां बसवावयाची, इतकेंच. इतिहासाचा हवाला दिला कीं तो तपासून पाहणें हें आमच्यासारख्यांचें कामच ठरतें.

इंग्रजी अमदानींत या दोन निवडणुका एकत्र नव्हत्या. मध्यवर्ती कायदेमंडळाची निवडणूक १९३४ सालीं झाली; १९३५ च्या कायद्यान्वयें प्रांतिक विधानसभांची निवडणूक १९३७ सालीं झाली. मुंबई इलाख्याच्या १७५ जागांपैकीं सुमारे निम्म्या जागा काँग्रेसनें मिळविल्या आणि त्याच उन्हाळ्या-पावसाळ्याच्या संधींत बाळासाहेब खेरांचें मंत्रिमंडळ आलें. पुढें महायुद्ध आलें, मध्यवर्ती मंडळाची मुदत वाढत वाढत १९४५ पर्यंत गेली; त्या हिंवाळ्यांत त्याची निवडणूक झाली, आणि पाठोपाठ १९४६ च्या आरंभीं प्रांतांची. मताधिकार होता तो शेतसारा, कर किंवा शिक्षण यांच्या बळावर, आणि तोहि धर्मवार विभागलेला. विणकराच्या घरांत मत नव्हतें आणि वारल्याच्या पाड्यावर तर नव्हतेंच.

१९५२ सालीं दोन निवडणुका एकत्र आल्या याचें कारण कोणतेंहि तत्त्व नव्हतें. घटना नवी होती, सर्व सभागृहें एकदमच जन्मास यावयाचीं होतीं, म्हणून त्यांची बारशींहि एकाच मुहूर्तावर झालीं. निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांच्यापुढील अडचण निराळीच होती. बहुसंख्य मतदारांस लिहितां वाचतां येत नव्हतें. नांवावर खूण करा म्हणून सांगणें व्यर्थ होतें. तेव्हां प्रत्येक उमेदवाराची स्वतंत्र पेटी, पेटीवर त्याच्या पक्षाचें चिन्ह, आणि मतदारानें कोरी चिठ्ठी हवी त्या पेटींत सोडावयाची, अशी तोड निघाली. देशभर वीस लाखांहून अधिक पोलादी पेट्या लागल्या. त्यांतील मोठा भाग मुंबईच्या विक्रोळींत गोदरेजच्या कारखान्यांत घडला. चिठ्ठ्या नाशिकच्या सरकारी छापखान्यांत निघाल्या. आकारानें त्या एक रुपयाच्या नोटेएवढ्या होत्या. लोकसभेच्या पेट्या निराळ्या, विधानसभेच्या निराळ्या. ज्या माणसानें आयुष्यांत कधीं मत दिलें नव्हतें, त्याला पहिल्याच दिवशीं दोन मतें द्यावीं लागलीं, आणि त्यानें तीं दिलीं.

निकाल बव्हंशीं एकतर्फी लागला. मुंबई राज्याच्या ३१५ जागांपैकीं २६९ काँग्रेसला, व लोकसभेच्या ४५ पैकीं ४०. परंतु या पुरांतहि मतदाराचें बोट डोळसपणें फिरत होतें. ज्यांच्याकडे मुख्यमंत्रिपद जावयाचें होतें ते मोरारजी देसाई गुजराथेंत आपल्या मतदारसंघांत अवघ्या १९ मतांनीं पडले! दुसरीकडे घटनेचे शिल्पकार डॉ. आंबेडकर हेहि मुंबईंत पराभूत झाले, ही गोष्ट आजहि वाचणाऱ्यास बोचते.

१९५७ सालची निवडणूक हा या सर्व इतिहासांतील सर्वांत बोलका भाग आहे. तेव्हांहि दोन पेट्या होत्या, पण प्रश्न एकच होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा कीं नको? द्वैभाषिकाचा तोडगा दिल्लीनें लादलेला, राबविणारें सरकार मुंबईंतील. म्हणून राग दोघांवर सारखाच. प्रजासमाजवादी, शेतकरी कामगार, कम्युनिस्ट व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन असे एरवीं एकमेकांचें तोंड न पाहणारे पक्ष समितींत एकत्र बसले, आणि पश्चिम महाराष्ट्रांत काँग्रेसचा धुव्वा उडाला. खुद्द मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण कराडास थोडक्या मतांनीं तरले. ठाणें जिल्ह्यांतून लोकसभेवर शामराव परुळेकर गेले. वारली शेतमजुरांच्या उठावामुळें त्यांचें व गोदावरीबाईंचें नांव या जिल्ह्याच्या जंगलपट्टींत घरोघरीं पोंचलेलें होतें. काँग्रेसचें राज्य टिकलें तें ३९६ पैकीं २३४ जागांवर, मुख्यतः गुजराथ, विदर्भ व मराठवाडा यांच्या आधारानें. तीन वर्षांनीं, १ मे १९६० रोजीं, महाराष्ट्र झाला. एकत्र निवडणुकीनें लोकांचें म्हणणें इतक्या ठसठशीतपणें पुढें आल्याचें दुसरें उदाहरण आम्हांस या राज्यांत दिसत नाहीं. मात्र पेट्या शेजारीं शेजारीं ठेवल्या म्हणून तें घडलें नाहीं. दोन्हीं पेट्यांपुढें उभा राहिलेला प्रश्न एकच होता म्हणून घडलें.

१९६२ व १९६७ या निवडणुकांविषयीं फारसें लिहिण्याजोगें नाहीं. काँग्रेसच्या जागा आल्या, पुन्हां आल्या. पुढें १९७० च्या डिसेंबरांत इंदिरा गांधींनीं लोकसभा मुदतीपूर्वीं विसर्जित केली, आणि १९७१ मध्यें लोकसभेची, १९७२ मध्यें विधानसभेची अशी ताटातूट झाली. १९७१ च्या लोकसभेंत भिवंडीच्या नांवाची एक जागा होती. तीवर धामणकर निवडून गेले. त्यानंतरच्या पुनर्रचनेंत तें नांव लोकसभेच्या नकाशावरून पुसलें गेलें, तें परत यावयास २००८ ची पुनर्रचना उजाडावी लागली. मध्यंतरीं गांव केवढें बदललें! १९८२ च्या संपानंतर गिरणगांव ओसरत गेलें आणि तेथील कापडाचें काम कितीतरी प्रमाणांत भिवंडीच्या यंत्रमागांवर आलें.

ताटातूट झाल्यावर मतदार दोन तराजू वापरूं लागला, हें आंकड्यांवरून दिसतें. १९८४ च्या डिसेंबरांत, इंदिराजींच्या हत्येनंतरच्या लाटेंत, महाराष्ट्रानें ४८ पैकीं ४३ जागा काँग्रेसला दिल्या. दोन-अडीच महिन्यांनीं, १९८५ च्या मार्चांत, त्याच काँग्रेसला विधानसभेंत २८८ पैकीं १६१ मिळाल्या. राज्य मिळालें, पण लाट उरली नव्हती. शोक दिल्लीचा होता, हिशेब मुंबईचा होता.

येथवर वाचून कोणी म्हणेल, मग ताटातूट हीच चांगली. एकत्र मतदान घेतलें कीं मतदार गोंधळतो व दिल्लीच्या लाटेंत राज्यहि वाहून जातें. विधेयकाच्या विरोधकांचा हा मुख्य आक्षेप आहे. तोहि आम्हांस जशाचा तसा पटत नाहीं, आणि त्याचें कारण १९९९ साल. नारायण राणे यांच्या युतिसरकारनें विधानसभा मुदतीच्या सुमारें सहा महिने अगोदर विसर्जित केली. केंद्रांत वाजपेयींविषयीं अनुकूल वारें आहे, त्या वाऱ्यावर राज्याचें तारूंहि पैलतीरीं लागेल, हा हिशेब उघड होता. विरोधी पक्षांतहि फूट पडलेली. राष्ट्रवादी काँग्रेस त्याच वर्षाच्या जूनमध्यें निघालेली. सप्टेंबरांत दोन्ही मतें एकदमच पडलीं. लोकसभेच्या ४८ पैकीं २८ जागा युतीला, म्हणजे शेंकडा ५८. विधानसभेंत शिवसेना ६९ आणि भाजप ५६, मिळून १२५, म्हणजे शेंकडा ४३. राज्य गेलें, आणि विलासराव देशमुख मुख्यमंत्री झाले. तिरंगी लढती होत्या, स्थानिक बंडखोर होते, हें सर्व मान्य. तरी त्याच रांगेंत, त्याच दिवशीं, त्याच बोटानें एका कागदावर एक व दुसऱ्या कागदावर दुसरें असें करणारीं माणसें काय थोडीं असतील? आम्ही त्या वेळीं तरुण होतों व राजकारणाविषयीं छातीठोक मतें बाळगीत होतों. त्या निकालानें आमचीं बरींच मतें मवाळ केलीं.

म्हणून २०२४ च्या भिवंडीकडे परत वळतांना थोडें सावधपणें वळावें. म्हात्रे यांना सुमारें पांच लाख मतें पडलीं व ते सुमारें ६६ हजारांनीं निवडून आले; परंतु तिसऱ्या क्रमांकावरील अपक्ष नीलेश सांबरे यांनीं दोन लाख तीस हजारांहून अधिक मतें घेतलीं होतीं. म्हणजे मे महिन्यांतील जय हा निम्म्याहून अधिक मतांचा जय नव्हता. नोव्हेंबरांतहि तसेंच. भिवंडी पश्चिमेंत समाजवादी पक्ष, काँग्रेस व मजलिस असे तिघेहि एकाच अंगणांत पाणी भरावयास उतरले, आणि भाजपचे महेश चौघुले तिसऱ्यांदा निवडून आले. शेजारच्या भिवंडी पूर्वेंत तशी फाटाफूट झाली नाहीं, व समाजवादी पक्षाचे रईस शेख यांनीं जागा राखली. सहांपैकीं विरोधकांस लाभलेली ती एकच. भिवंडी ग्रामीण, शहापूर, मुरबाड व कल्याण पश्चिम येथें महायुतीचेच उमेदवार आले. राज्यभर हेंच मोठ्या प्रमाणावर घडलें. लोकसभेस महाविकास आघाडीला ४८ पैकीं ३० जागा मिळाल्या खऱ्या, परंतु मतांच्या हिशेबानें दोन्ही बाजू जवळजवळ बरोबरीच्या होत्या. विधानसभेस महायुतीच्या तीन मुख्य पक्षांस मिळून २३० व आघाडीच्या तिघांस ४६. जागांचा लंबक इतका झुकला म्हणून मनांचा लंबकहि तितकाच झुकला असें समजणें ही आपल्या मतमोजणीच्या पद्धतीनें होणारी दिशाभूल आहे.

पण सर्वच फरक अंकगणिताचा नव्हे. मधल्या सहा महिन्यांत राज्य सरकारनें 'लाडकी बहीण' योजना काढली व पात्र स्त्रियांच्या खात्यांत दरमहा १,५०० रुपये पडूं लागले. हें मताचें मोल होतें कीं राज्यकर्त्यांचें कर्तव्य, यावर वाद खुशाल घालावा. इतकें खरें कीं मे महिन्यांत घटना, आरक्षण, दिल्लीची सत्ता यांची चर्चा होती आणि नोव्हेंबरांत घरांतील रुपयांची. प्रश्न बदलला, उत्तर बदललें.

परदेशांत या प्रश्नाचा विचार कसा झाला आहे, तें पाहण्यासारखें आहे. अमेरिकेंत काँग्रेसची निवडणूक समसंख्येच्या वर्षीं होते (काँग्रेस म्हणजे तेथील मध्यवर्ती विधिमंडळ, आपल्याकडील पक्षाशीं त्याचा संबंध नाहीं). बहुतेक राज्यें आपला गव्हर्नर अध्यक्षाच्या निवडणुकीपासून दोन वर्षांच्या अंतरानें निवडतात. व्हर्जिनिया आणि न्यू जर्सी हीं दोन राज्यें तर गव्हर्नर व राज्याचें विधिमंडळ विषम संख्येच्या वर्षीं निवडतात, त्यामुळें वॉशिंग्टनच्या लढाईची धूळ तेथील कागदावर कमी बसते. मात्र तेथील मुदती पक्क्या आहेत. विश्वासदर्शक ठराव पडला व सभागृह मोडलें, असें तेथें होत नाहीं. आपल्याकडे होतें. म्हणूनच विधेयकांत अशी तरतूद आहे कीं, मध्येंच मोडलेल्या विधानसभेची नवी निवडणूक केवळ उरलेल्या मुदतीपुरती व्हावी. पांच वर्षांच्या सभेचें चौथ्या वर्षीं विसर्जन झालें, तर लोकांनीं मग वर्ष-दीड वर्षाचें सरकार निवडावयाचें. खर्च वांचविण्यासाठीं म्हणून काढलेल्या योजनेंत ही एक निवडणूक वाढलीच, हें आम्हांस चमत्कारिक वाटतें. खर्चाचा व वारंवारच्या आचारसंहितेचा मुद्दा पोकळ आहे असें आमचें म्हणणें नाहीं. शाळांत व महाविद्यालयांत शिकविणाऱ्यांस तर तो चांगलाच ठाऊक आहे, कारण मतदानाच्या कामास वर्ग सोडून तेच जातात.

परंतु भिवंडीच्या यंत्रमागवाल्याचें एक गाऱ्हाणें सुताचें असतें, दुसरें विजेचें. सुतावरील आयातकर व निर्यातीचें धोरण दिल्लींत ठरतें; यंत्रमागांची वीजसवलत मुंबईंत ठरते, आणि २००७ पासून येथील वीजवांटप खाजगी कंपनीकडे आलें तेंहि राज्याच्याच मंडळामार्फत. शहापूरच्या पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकर येतो. मुंबईस पाणी पुरविणारीं तानसा व भातसा हीं धरणें त्याच तालुक्यांत आहेत, आणि तें पाणी कोणास किती द्यावयाचें याचा निर्णय मंत्रालयांत होतो, संसदेंत नव्हे. दोन गाऱ्हाणीं दोन दारीं न्यावयाचीं असतां तीं एकाच फेरींत न्यावीं कीं दोन फेऱ्यांत, हें मागवाल्यास व शहापूरच्या आदिवासीस विचारावें. संयुक्त समितीनें ज्या तज्ज्ञांच्या साक्षी घेतल्या त्यांत माजी सरन्यायाधीश होते आणि अर्थशास्त्रज्ञहि होते.