पांढुर्ण्याचा ताम्रपट आणि आजची अक्षरकला

इसवी सनाच्या पाचव्या शतकात वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याने आपल्या कारकिर्दीच्या २९व्या वर्षी दिलेल्या दानाचा लेख अभ्यासकांमध्ये ‘पांढुर्णा ताम्रपट’ या नावाने ओळखला जातो. याच राजाचा २३व्या वर्षाचा दुदिया ताम्रपट छिंदवाड्याकडचा, तर २७व्या वर्षाचा पट्टण ताम्रपट शेजारच्या मुलताई भागातला. वा. वि. मिराशी यांनी वाकाटकांच्या कोरीव लेखांचा जो संग्रह १९६३ मध्ये सिद्ध केला, त्यात हे लेख ठशांसह पाहायला मिळतात. इतिहासकारांनी त्यांतून वंशावळी जुळवल्या, गावांची ठिकाणं शोधली, दानाच्या अटी वाचल्या. अक्षरांचं वळण त्यांनी काळ ठरवण्यापुरतं पाहिलं. अक्षरांची रचना म्हणून या लेखांकडे फारसं कुणी वळलं नाही. मध्य प्रदेशातल्या सौंसर-पांढुर्ण्यातून ग्राफिक डिझाइन शिकायला निघालेल्या विद्यार्थ्याने मात्र आपल्या कामाची प्रेरणा आधी इथे शोधावी, असं माझं ठाम मत आहे. त्यामागे गावाचा अभिमान आहेच, पण मुख्य आधार मराठी अक्षरकलेच्या इतिहासाचा आहे.

वाकाटकांच्या ताम्रपटांची लिपी पेटिकाशीर्षक म्हणून ओळखली जाते. ब्राह्मीच्या या वळणात प्रत्येक अक्षराच्या डोक्यावर एक लहान चौकोन असतो, कधी पोकळ, कधी भरीव. अक्षराचा खालचा भाग कितीही वळला, तरी डोक्यावरचे चौकोन एका ओळीत बसतात आणि सगळ्या पत्र्याला सारखा ठेका येतो. शिवाय या दानपत्रांची मांडणीही ठरलेली आहे: आरंभी ‘दृष्टम्’ हा शब्द, ओवून ठेवलेले पत्रे, कडीला राजमुद्रा आणि मुद्रेवर राजाच्या शासनाचा उद्घोष करणारा चार ओळींचा श्लोक. लेख कुठल्याही गावी पोचला, तरी तो कुणाकडून आला हे नुसत्या रूपावरून कळावं, अशी ही व्यवस्था. आज डिझाइनच्या वर्गात एखाद्या संस्थेची दृश्य ओळख घडवायला सांगतात, तेव्हा अक्षर, मांडणी आणि चिन्ह या तिन्हींचा मेळच तर अपेक्षित असतो. तो मेळ या मुलखात दीड हजार वर्षांपूर्वी तांब्यावर साधला गेला होता.

जुन्या हस्ताक्षराकडे वळणं म्हणजे मागे जाणं, असं कुणी म्हणेल. मराठी मुद्रणाचा इतिहास वेगळं सांगतो. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत शिळाछापावर पंचांग काढलं, तेव्हा दगडावर उतरलं ते हाताने लिहिलेलं बाळबोध अक्षर. पुढे जावजी दादाजींनी १८६४ मध्ये अक्षरांचे खिळे ओतण्याचा कारखाना आणि १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांचं देखणेपण त्याच बाळबोध वळणावर उभं होतं. अ, झ आणि ण या अक्षरांचं मुंबईकडचं वळण पुढे हिंदीच्या प्रमाण लिपीनेही स्वीकारलं. विसाव्या शतकात र. कृ. जोशी यांनी जाहिरातीच्या क्षेत्रात काम करताना आणि नंतर पवईच्या आयआयटीत शिकवताना भारतीय लिप्यांच्या हस्तलेखनाचा अभ्यास केला. संगणकावर घरोघरी पोचलेला ‘मंगल’ हा देवनागरी टंक त्यांच्याच हातचा. अच्युत पालव यांनी १९८२ मध्ये जे. जे. उपयोजित कला संस्थेतून बाहेर पडल्यावर मोडी लिपी हा शोधाचा विषय घेतला आणि मोडी व देवनागरी यांच्या मिलाफातून ‘मुक्तलिपी’ घडवली. ज्या काळात मोडी वाचणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरले होते, त्या काळात एका तरुण चित्रकाराच्या प्रकल्पाने तिला नवं रूप दिलं. नवेपणाचा उगम जुन्या अक्षराच्या नेमक्या अभ्यासात असतो, याला याहून चांगला दाखला नाही.

यावर पहिला आक्षेप असा, की पेटिकाशीर्षक लिपी एकट्या या भागाची नाही. हे खरंच आहे. दक्षिण कोसलातल्या ताम्रपटांतही ती दिसते. पण तिचा सर्वांत सातत्याने आणि विपुल वापर वाकाटकांनी केला, आणि त्यांच्या राज्याचा गाभा नागपूरजवळच्या नगरधन-मनसर परिसरात होता, सौंसरपासून फार लांब नव्हे. दुसरा आक्षेप उपयोगाचा. ही लिपी आज कुणाला वाचता येत नाही, मग तिचा फलकाला वा वेष्टनाला काय फायदा? तिची नक्कल केली तर काहीच नाही. देवनागरीच्या डोक्यावर नुसते चौकोन चिकटवले, तर ती हौशी सजावट होईल. शिकायचं आहे ते तत्त्व: छिन्नी आणि तांबं यांनी अक्षराला आकार कसा दिला, डोक्याचं वजन आणि देहाची वळणं यांचा तोल कसा राखला गेला, भरीव आणि पोकळ जागा एकमेकींना कशा सांभाळतात. हे समजलेला विद्यार्थी शिरोरेषेचा विचार नव्याने करू शकेल.

तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. छिंदवाडा, आणि त्याच्याबरोबर सौंसर, मध्य प्रदेशात राहिला. इथल्या डिझाइनरला पाट्या हिंदीत करायच्या आहेत, मग मराठी अक्षरपरंपरेचा आग्रह कशाला? पण दोन्ही भाषांची लिपी एकच, आणि तरीही मराठी वाचकाचा डोळा ल आणि श यांचं वेगळं वळण शोधतो. ‘ळ’ तर त्याच्या रोजच्या बोलण्यातला. एका बाजारात दोन भाषांचे वाचक असतील, तिथे दोघांनाही परका न वाटणारा टंक रेखाटणं हा पदवीच्या प्रकल्पाला शोभणारा, अवघड आणि खरा प्रश्न आहे. पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्याला तो मुद्दाम शोधावा लागेल; सौंसरच्या विद्यार्थ्यासमोर तो रोज उभा आहे.

शिक्षणासाठी शहर गाठावं लागतं, हे कुणी नाकारत नाही. मंडला जिल्ह्यात जन्मलेले सय्यद हैदर रझा नागपूरच्या कलाशाळेत शिकले, मग मुंबईच्या जे. जे. त, आणि १९५० मध्ये पॅरिसला गेले. तरी त्यांच्या चित्रांत पुढे केंद्रस्थानी आला तो बिंदू, गावच्या शाळेत गुरुजींनी मन एकाग्र करण्यासाठी भिंतीवर काढून दाखवलेला. शहराने हात तयार केला, पण विषय त्यांना घरूनच मिळाला. २०२३ मध्ये पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला आणि सौंसर त्यात आला. नव्या जिल्ह्याला आपली दृश्य ओळख घडवायची आहे: कार्यालयांच्या पाट्यांवर, संत्र्याच्या खोक्यांवर, गोटमारीच्या आणि जामसावळीच्या जत्रेच्या फलकांवर. ती बाहेरून उसनी आणलेल्या नमुन्यांवर सोपवू नये. इथल्या विद्यार्थ्याने ताम्रपटाचे ठसे समोर ठेवून, भोसलेकालीन मोडी कागद पाहून आणि बाजारातल्या द्विभाषिक वाचकाला विचारून ती रेखाटावी. तसं झालं, तर या मातीत पहिल्यांदा तांब्यावर साधलेलं काम आजच्या हाताने पुढे नेल्यासारखं होईल.