भिंतीवरचा फोटो, ट्रंकेतला फोटो

कोल्हापूरच्या आमच्या जुन्या घरात सोप्याच्या भिंतीवर देवांच्या तसबिरींच्या रांगेत बालगंधर्वांचा फोटो होता. भरजरी शालू, नाकात नथ, केसांत गजरा, मान किंचित कललेली. लहानपणी मला ती आमचीच कुणी पणजी वाटायची. हा पुरुष आहे असं आजीनं सांगितलं, तेव्हा मी स्टुलावर चढून फोटोला नाक लावून पाहिलं, तरी पटेना. "आमच्या आयाबाया त्यांचं बघून लुगडं चापूनचोपून नेसायला शिकल्या," आजी म्हणायची.

तिच्या वडिलांना एकच हळहळ होती. ८ जुलै १९२१ ला मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी 'संयुक्त मानापमान' नाटक झालं. बालगंधर्वांची भामिनी, केशवराव भोसल्यांचा धैर्यधर. आपल्या गावचे केशवराव, आणि जायला जमलं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले, अवघ्या एकतीस वर्षांचे. ती हळहळ वडिलांकडून आजीकडे आली आणि आजीकडून माझ्याकडे.

दुसरा फोटो मात्र ट्रंकेत असायचा, लुगड्यांच्या तळाशी. जाड पुठ्ठ्यावर चिकटवलेला, कडा कसरीनं खाल्लेल्या. मागे खांब आणि तळं रंगवलेला स्टुडिओतला पडदा, पुढे अठरा-वीस वर्षांची मुलगी. एक हात खुर्चीच्या पाठीवर. दुसऱ्या हातात पदराचं टोक इतकं घट्ट धरलेलं, की फोटोतही बोटांची पेरं पांढरी दिसतात. ही आजीची मावशी. गळा गोड होता. बायकांच्या एका नाटक कंपनीत गायला गेली आणि घरानं तिचं नाव टाकलं. लग्नकार्याला बोलावणं नाही, कुणी गेलं तर कळवणं नाही.

भिंतीवर पुरुषाची भामिनी आणि ट्रंकेत घरची लेक. याचा त्या घरात कुणालाच विचार पडला नाही. काळच तसा होता म्हणून मी हे सोडून देणार नाही. तो अन्याय होता. १९१३ साली दादासाहेब फाळक्यांना 'राजा हरिश्चंद्र' चित्रपटासाठी तारामती मिळेना, शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या साळुंक्यांना लुगडं नेसवावं लागलं. पण त्याच वर्षी त्यांच्याच 'मोहिनी भस्मासुर'मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची लेक कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या. १९३३ ला 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्नाबाई भोळे रंगभूमीवर आल्या आणि वारं फिरलं. मावशीला ते वारं लाभलं नाही.

पुढे घरात टीव्ही आला. गाण्याच्या स्पर्धा, झगमगाट, लहान मुलींच्या लावण्या. माझे वडील चिडायचे. सगळं बिघडलं, आमच्या वेळी असं नव्हतं, हे त्यांचं रोजचं. आजी गप्प असायची. एकदाच बोलली. "बिघडलं असंल बाबा. पण त्या पोरीची आई समोर बसून टाळ्या वाजवतीय, ते बघ की."

मावशीचं नाव आजीनं मला सांगितलं होतं. मी ते लिहून ठेवलं नाही, आणि आता सांगणारं कुणी उरलं नाही. फोटोच्या मागे स्टुडिओचा पुसट शिक्का तेवढा आहे. बालगंधर्वांचं नाव विचारायची वेळ महाराष्ट्रात कुणावर येणार नाही. पण तुमच्या ट्रंकेत, कपाटाच्या वरच्या फळीवर असा एखादा फोटो असेल, तर आजच शिसपेन्सिलीनं मागे नाव लिहा. म्हातारं माणूस घरात आहे तोवर विचारून घ्या.