आजोबांची बीबीसी आणि शाळेतला संगणक

आमच्या शाळेतली संगणकाची खोली म्हणजे जणू देवघरच! चपला बाहेर काढायच्या आणि एका यंत्राभोवती आठ-दहा जणांनी कोंडाळं करायचं. त्या यंत्राचं नाव होतं ‘बीबीसी मायक्रो’. आजोबा ज्या बीबीसीच्या बातम्या रेडिओवर ऐकायचे, तिचा संगणकाशी काय संबंध, हे कोडं मला इंग्लंडमध्ये एम.एस्सी.ला आल्यावर सुटलं.

संगणकामुळे कामाचं स्वरूप बदलणार, हे ओळखून बीबीसीने लोकांना संगणक शिकवण्याचा प्रकल्प हाती घेतला. त्यासाठी केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीने बनवलेलं हे यंत्र डिसेंबर १९८१ मध्ये बाजारात आलं. जानेवारी १९८२ पासून दूरदर्शनवर त्याचे धडे सुरू झाले. शाळांना संगणक घेता यावेत म्हणून सरकारने निम्मी किंमत उचलली. १९८४ मध्ये भारत सरकारने ‘क्लास’ प्रकल्प सुरू केला आणि तेच यंत्र आपल्याकडच्या सुमारे २५० शाळांत पोहोचलं.

त्याची स्मृती अवघी ३२ किलोबाइट. पण चालू केलं की ते थेट ‘बेसिक’ भाषेत तुमच्या आज्ञेची वाट पाहत थांबे. काही घडवायचं तर विचार तुम्हीच करायचा!

पुढे शाळांमधून ही गंमत हरवली. संगणकाच्या तासाला पत्रं टाइप करायची आणि तक्ते भरायचे. इंग्लंडमधल्या या शिक्षणावर रॉयल सोसायटीच्या जानेवारी २०१२ च्या अहवालाने बोट ठेवलं. पुढच्याच महिन्यात केंब्रिजमधूनच ‘रास्पबेरी पाय’ हा छोटा, स्वस्त संगणक आला. त्याच्या ‘ए’ आणि ‘बी’ मॉडेलची नावं बीबीसी मायक्रोवरूनच घेतली होती. सप्टेंबर २०१४ पासून इंग्लंडच्या अभ्यासक्रमात पाचव्या वर्षापासून प्रोग्रॅमिंग आलं.

शाळेत माझ्या वाट्याला दोनच मिनिटं आली होती. मी दोन ओळी लिहिल्या: पहिली माझं नाव छापण्याची, दुसरी पुन्हा पहिलीकडे जाण्याची. नाव पडद्यावर धावू लागलं, थांबेचना! सरांनी घाबरून मेन स्विच बंद केला. मी ओरडा खाल्ला, पण यंत्र माझं ऐकतं हे त्या दिवशी कळलं. आज माझं पोट त्याच धड्यावर चालतं.

आपल्या मुलांना दोन मिनिटांसाठी रांग लावावी लागत नाही. ती पडद्यासमोर बसली की आपण “किती वेळ झाला?” एवढंच विचारतो. एकदा “आज काय बनवलंस, दाखव बघू” असंही विचारून पाहूया.