माळवदाचे ओझे : तुळजापूर, किल्लारीचा भूकंप आणि ‘शाश्वत’ या शब्दाचा अर्थ

‘शाश्वत विकास’ हा शब्दप्रयोग जगभर रुळला तो १९८७ नंतर. नॉर्वेच्या पंतप्रधान ग्रो हार्लेम ब्रुंटलँड यांच्या अध्यक्षतेखालील आयोगाने त्या वर्षी आपला अहवाल प्रसिद्ध केला. आजच्या पिढीने स्वतःच्या गरजा अशा रीतीने भागवाव्यात की पुढच्या पिढ्यांची वाट अडू नये, ही त्यातील व्याख्या आज शाळेच्या पुस्तकातही सापडते.

त्याच्या एक वर्ष आधी, १९८६ साली, मुंबईतील टाटा सामाजिक विज्ञान संस्थेने बालाघाटाच्या कडेवरील तुळजापुरात आपला ग्रामीण परिसर सुरू केला. डॉ. अरमायटी देसाई तेव्हा संस्थेच्या संचालक होत्या. १९३६ साली मुंबईत जन्मलेली ही संस्था अर्धशतकभर प्रामुख्याने शहरी प्रश्नांत वाढलेली होती. तिने कोरडवाहू शेतीच्या मुलखात येऊन बसावे, ही तेव्हा साधी गोष्ट नव्हती.

मुलूखही तसाच होता. १९४८ पर्यंत निजामी राजवट आणि उच्च शिक्षणासाठी हैदराबादची वाट. मराठवाड्याला स्वतःचे विद्यापीठ मिळाले ते १९५८ साली. १९७२ च्या दुष्काळाने येथील शेतकऱ्याला खडी फोडायला बसवले. रोजगार हमी योजनेची पाळेमुळे त्या काळातली. त्या कामांतून रस्ते झाले, पाझर तलाव आणि नालाबांध झाले. मात्र पाणी अडवल्यावर ते कोणाच्या विहिरीत उतरते, हा प्रश्न हजेरीपटावर कधीच नव्हता. ग्रामीण विकास शिकवायचा तर तो अशा प्रश्नांच्या शेजारी राहून शिकवावा, हा तुळजापूरच्या परिसरामागचा विचार.

परिसर सात वर्षांचा असताना जमीन हादरली.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटे. अनेक गावांत लोक गणेश विसर्जन आटोपून उशिरा झोपले होते. लातूरमधील किल्लारी आणि धाराशिवमधील सास्तूर परिसरातील गावे काही सेकंदांत ढिगारा झाली. मृतांचा आकडा वेगवेगळ्या नोंदींत आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत आढळतो. त्या काळच्या भूकंपप्रवण क्षेत्रांच्या नकाशात हा भाग सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. पुढे २००२ साली ते पहिले क्षेत्रच नकाशातून काढून टाकण्यात आले.

भूकंपाची तीव्रता सहाच्या थोडी वर होती. तेवढ्याने इतकी माणसे का दगावली? उत्तर घरांच्या बांधणीत होते.

मराठवाड्याचे माळवद म्हणजे लाकडी खांब, तुळया, त्यांवर फळ्या आणि त्यावर मातीचा जाड थर. उन्हाळ्यात घर गार राहते, आणि सुगीचे धान्य वाळवायला अंगण वर मिळते. भिंती दगडाच्या आणि मातीत रचलेल्या, कुठे कुठे हातभराहून रुंद. साहित्य गावातलेच आणि कारागीरही गावातलाच. आज ‘पर्यावरणपूरक’ म्हणून जे जे वाखाणले जाते, ते सारे या घरात होते.

पण माळवद गळू नये म्हणून त्यावर वेळोवेळी नवी माती पडे. जुनी काढायची तसदी क्वचितच घेतली जाई. पिढ्यान्‌पिढ्या छताचे ओझे वाढत गेले. भिंतीचा आतला आणि बाहेरचा पदर जोडणारे आरपार दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. हादऱ्यात दोन्ही पदर सुटले. कित्येक घरांत लाकडी सांगाडा उभा राहिला आणि माणसे कोसळलेल्या भिंतींखाली गेली. स्थानिक ते सारे शाश्वत, ही भाबडी समजूत ज्यांना अजूनही सोडवत नाही, त्यांनी ही घरे एकदा तरी आठवावीत.

टाटा संस्थेचे प्राध्यापक आणि विद्यार्थी भूकंपग्रस्त गावांत उतरले. जागतिक बँकेच्या कर्जातून राज्य शासनाने पुनर्वसनाचा मोठा कार्यक्रम हाती घेतला आणि लोकसहभागाच्या कामासाठी नेमलेल्या संस्थांत टाटा संस्थाही होती. संशोधन, अध्यापन आणि प्रत्यक्ष काम यांतील सीमारेषा त्या काळात पुसट झाल्या.

सर्वाधिक हानी झालेली ५२ गावे नव्या जागी वसवण्यात आली. घराचे क्षेत्रफळ ठरले ते जमीनधारणेवरून. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतच्या शेतकऱ्याला २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्याहून अधिक असेल तर ७५०. भूकंपाने वाडा आणि झोपडी एका पातळीवर आणली होती. नियमाने ती उतरंड पुन्हा सिमेंटमध्ये उभी केली. भावकीच्या गल्ल्या जाऊन आखीव चौकोन आणि रुंद रस्ते आले. गावे अनेक पटींनी पसरली आणि त्यासाठी शेतजमीन खर्ची पडली. घरे सुरक्षित झाली, हे नाकारता येत नाही. पण चुलीला, जनावरांना, कडब्याला त्यांत जागा नव्हती. यथावकाश पत्र्याची शेड उभी राहू लागली.

जी गावे जागीच राहिली, तिथला पेच वेगळा. अभियंते सांगत होते : माळवदावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड बसवा, खांब-तुळईच्या सांध्यांना तिरपे आधार द्या. सल्ला शास्त्रशुद्ध होता आणि स्वस्तही. पण ज्याने शेजारचे घर दगडाखाली गाडलेले पाहिले, त्याला दगडाच्या भिंतीआड झोप कशी लागावी? अनेकांनी मदतीच्या पैशातून सिमेंटची एक नवी खोली उभारणे पसंत केले.

या दुरुस्ती कार्यक्रमात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने गावोगावच्या स्त्रियांना ‘संवाद सहायक’ म्हणून उभे केले. घर कसे बळकट करायचे, अनुदानाचा हप्ता का अडला, हे त्या घरोघरी समजावू लागल्या. शासकीय कार्यक्रम संपला तरी स्त्रियांचे हे जाळे मोडले नाही.

तुळजापूरचा परिसरही बदलत गेला. ग्रामीण विकासातील पदव्युत्तर शिक्षण आले, ग्रामीण विकास विद्याशाखा उभी राहिली आणि शाश्वत उपजीविका व नैसर्गिक संसाधनांचे नियमन या विषयाचा अभ्यासक्रम आला. देशाच्या निरनिराळ्या राज्यांतून विद्यार्थी येऊ लागले. ‘नियमन’ हा शब्द येथे शोभेचा नाही. बेसॉल्टच्या खडकात पाणी साठते ते वरच्या झिजलेल्या थरात आणि भेगांत. एकाने खोल बोअर घेतले की शेजाऱ्याची विहीर आटू शकते. वर त्याच शिवारात ऊस. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, ते शेजारच्या लातूरला. अशा ठिकाणी पावसाच्या मोजमापाइतकीच मोलाची माहिती म्हणजे पाण्यावर निर्णय कोणाचा चालतो.

त्या प्रश्नाचे एक उत्तर भूकंपातून घडलेल्या स्त्रियांच्या जाळ्यातूनच आले. दुष्काळात नगदी पीक बुडाले की घरात खायलाही उरत नसे. म्हणून स्त्रियांनी घरच्या जमिनीतून अर्धा-एक एकर मागून घेतला. त्यात कडधान्ये, तृणधान्ये आणि भाजीपाला कमी पाण्यावर आणि सेंद्रिय खतावर घ्यायचा. आधी घरात खायचे, उरले तर विकायचे. २०१७ साली स्वयं शिक्षण प्रयोगाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा इक्वेटर पुरस्कार मिळाला, त्यामागे हेच काम होते. सातबारावर तो एकर बहुधा नवऱ्याच्या किंवा सासऱ्याच्याच नावे राहिला. त्यात काय पेरायचे, ते मात्र तिने ठरवले.