कॅज्युअल्टीतला आपद्धर्म

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरची पाळी किती तासांची असावी, हा विषय तत्त्वज्ञान शिकवलेल्या माणसाकडे का, असं काहींना वाटलं असेल. पण या प्रश्नाला इतिहास आहे, आणि त्याचं एक टोक आपल्या पुण्यात आहे.

१८७३ साली जोतीराव फुल्यांनी इथे सत्यशोधक समाज स्थापन केला. त्याच मुशीतले नारायण मेघाजी लोखंडे. १८८४ मध्ये त्यांनी मुंबईत गिरणी कामगारांची संघटना उभी केली, आठवड्याची सुटी मागितली. १० जून १८९० ला मालकांनी रविवार मान्य केला. मग तासांचं गणित सुरू झालं. १९११ च्या कायद्यानं कापडगिरणीतल्या पुरुषाला दिवसाला १२ तासांची मर्यादा घातली, १९२२ ला ११, १९३४ ला बारमाही कारखान्यांत १०, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यात दिवसाला ९ नि आठवड्याला ४८. जवळजवळ साठ वर्षं लागली, पण झालं.

या यादीत डॉक्टर कुठे आहे? कुठेच नाही. ससून रुग्णालय १८६७ सालचं, म्हणजे लोखंड्यांच्या संघटनेहूनही जुनं. सरकारी रुग्णालयात परिचारिकांच्या सकाळ, दुपार, रात्र अशा पाळ्या ठरलेल्या असतात. डॉक्टर मात्र ‘निवासी’. हा शब्द नीट ऐका. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये १८८९ च्या सुमारास हॉल्स्टेड या शल्यविशारदानं ही पद्धत बसवली; शिकाऊ डॉक्टरनं रुग्णालयातच राहायचं. जो तिथेच राहतो त्याला घरी कधी सोडायचं, हा प्रश्नच उद्भवत नाही! (स्वतः हॉल्स्टेड कोकेनच्या आणि पुढे मॉर्फिनच्या आहारी गेलेला होता, हे सहसा सांगितलं जात नाही.)

आता थोडं माझ्या विषयाकडे येतो. महाभारताच्या शांतिपर्वात आपद्धर्माचं प्रकरण आहे. बारा वर्षांचा दुष्काळ, भुकेनं कासावीस झालेला विश्वामित्र चांडाळाच्या घरातून कुत्र्याचं मांस उचलतो. संकटात नियम सैल होतो, एवढंच आपण लक्षात ठेवतो. पण त्या गोष्टीत शेवटी पाऊस पडतो. संकट संपतं, तशी सवलतही संपते.

१८९७ च्या प्लेगमध्ये ९ फेब्रुवारीला लोखंडे गेले. १० मार्चला सावित्रीबाई गेल्या. हडपसरजवळ डॉक्टर यशवंतच्या दवाखान्यात त्या रुग्णांची सेवा करत होत्या. ज्या माणसानं कामगाराला रविवार मिळवून दिला, तो प्लेगमध्ये घड्याळ बघत बसला नाही. तिथे कुणी तास मोजले नाहीत, मोजायलाही नको होते. तो खरा आपद्धर्म.

कॅज्युअल्टीचं तसं नाही. अपघात, सर्पदंश, हार्ट अटॅक हे तिथे रोज येतात. रुग्णावर आपत्ती येते. रुग्णालयाचं ते नित्याचं काम असतं. पण आपण रुग्णाची आपत्ती डॉक्टरच्या हजेरीपटावर लिहून टाकली. मग पाऊस कधी पडायचा?

५ जून १९९२ च्या केंद्राच्या पत्रात निवासी डॉक्टरला सलग १२ तासांहून जास्त नाही, आठवड्याला ४८, असं स्पष्ट लिहिलं होतं. मात्र ‘सर्वसाधारणपणे’. त्या एका शब्दाच्या खिडकीतून सगळे तास निसटले. २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत तर आकडाच नाही, ‘वाजवी’ तास आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये कोलकात्यात जिची हत्या झाली, ती तरुण डॉक्टर ३६ तासांच्या ड्युटीवर असल्याच्या बातम्या आपण वाचल्या. त्याच महिन्यात राष्ट्रीय कृती दलाच्या अहवालानं मर्यादा सुचवली, आठवड्याला ७४ तास, सलग २४. बघा, ४८ चे ७४ झाले, आणि तरी ही सुधारणाच म्हणायची.

मग पाळी लहान केली की झालं? तेवढं सोपं नाही. बोस्टनमध्ये २००४ साली दिसलं की लांब ड्युटीत शिकाऊ डॉक्टरांच्या हातून गंभीर चुका सुमारे ३६ टक्के जास्त झाल्या. अमेरिकेनं २०११ ला नवशिक्यांना १६ तासांची मर्यादा घातली आणि २०१७ ला ती उठवली. कारण पाळी लहान की रुग्ण जास्त वेळा एका हातातून दुसऱ्या हातात जातो. २०२० च्या एका मोठ्या अभ्यासात, बालकांच्या अतिदक्षता विभागांत, लहान पाळीत चुका वाढलेल्याच दिसल्या. पण तिथे एकेका डॉक्टरकडे रुग्णही जास्त आले होते.

घराच्या बाजूनंही तसंच. आठ तासांच्या सहा पाळ्या की बारा तासांच्या चार? तास तेवढेच, ४८. बाराच्या पाळीत तीन दिवस मोकळे मिळतात, पण पुण्याच्या वाहतुकीत बाराचे चौदा होतात आणि त्या दिवशी मूल झोपलेलंच भेटतं. माझ्या मते संसाराला तासांइतकीच खात्री लागते. गुरुवारी रात्री मी घरी असेन, हे सोमवारी सांगता आलं पाहिजे.

आणि ही खात्री साध्या गणितावर उभी असते. कॅज्युअल्टीतली एक खुर्ची आठवडाभर भरलेली ठेवायची तर १६८ तास. ४८ नं भागा, साडेतीन डॉक्टर लागतात. रजा, आजारपण, बाळंतपण धरलं तर चाराहून अधिक. तीन नेमले की प्रत्येकी ५६. दोघांवर भागवलं की ८४, आणि त्यातला एक आजारी पडला की दुसऱ्याची ३६ तासांची ड्युटी सुरू. रुग्णालयाच्या कारभाऱ्यांना भेटलात तर पाळी किती तासांची, हे नंतर विचारा. आधी विचारा, एका खुर्चीमागे मंजूर पदं किती, आणि त्यातली भरलेली किती.