जुन्या ट्रकमधील विद्युत आगींचा प्रतिबंध

जुन्या ट्रकमधील विद्युत आगींचा प्रतिबंध म्हणजे अनेक वर्षे वापरात असलेल्या मालट्रकच्या वायरिंगमधील दोषांमुळे आग लागू नये यासाठी केली जाणारी तांत्रिक व्यवस्था. योग्य जाडीच्या तारा, घट्ट जोड, घर्षणापासून संरक्षण आणि योग्य क्षमतेचे फ्यूज हे तिचे चार मुख्य घटक होत. फ्यूज हा दिवा किंवा हॉर्न वाचवण्यासाठी नसून मुख्यतः तार वाचवण्यासाठी असतो, हे या विषयातील मूलभूत तत्त्व आहे.

पार्श्वभूमी

बीड जिल्ह्यातील माजलगाव हे तालुक्याचे ठिकाण राष्ट्रीय महामार्ग ६१ वर आहे. सिंदफणा नदीवरील माजलगाव धरणाच्या परिसरात ऊस, तर तालुक्यात इतरत्र कापूस ही महत्त्वाची पिके आहेत. कापूस जिनिंग कारखान्यांकडे आणि ऊस साखर कारखान्यांकडे नेण्यासाठी ट्रक व ट्रॅक्टर वापरले जातात. गळीत हंगामाच्या आरंभी बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगारांच्या टोळ्या मुलाबाळांसह व संसारोपयोगी सामानासह अशाच वाहनांतून पश्चिम महाराष्ट्र आणि कर्नाटकात जातात. त्यामुळे वाहनाला लागणारी आग ही केवळ मालाच्या नुकसानीची बाब राहत नाही.

आगीची कारणे

बहुतांश अवजड ट्रकमध्ये १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टचा पुरवठा मिळवलेला असतो. बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असल्याने परतीच्या प्रवाहासाठी सहसा वेगळी तार नसते. परिणामी धन बाजूच्या तारेचे आवरण कोठेही झिजून तांबे लोखंडाला टेकले, तर त्या जागी शॉर्ट सर्किट होते.

इंजिनाच्या उष्णतेने तारेवरील प्लास्टिकचे आवरण कालांतराने कडक होऊन तडकते. केबिनच्या पत्र्यातील छिद्रांमधून जाणाऱ्या तारा सततच्या हादऱ्यांनी धारदार कडेवर घासल्या जातात. उंदीर आवरण कुरतडतात. याशिवाय ज्यादा दिवे, मोठे हॉर्न किंवा गाण्यांची यंत्रणा मूळ वायरिंगलाच जोडली गेल्यास तारेवरील भार वाढतो. १२ व्होल्टचे उपकरण दोनपैकी एकाच बॅटरीवर जोडल्यास त्या बॅटरीचे चार्जिंग अपुरे राहते, तर दुसरी प्रमाणाबाहेर चार्ज होऊन ज्वलनशील हायड्रोजन वायू अधिक सोडते.

फ्यूजचे कार्य

तारेत निर्माण होणारी उष्णता विद्युतप्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. प्रवाह दुप्पट झाला की उष्णता चौपट होते. १ चौरस मिलिमीटर जाडीच्या १० मीटर तांब्याच्या तारेचा रोध सुमारे ०.१७ ओहम असतो. मागील दिव्यांकडे जाणारी अशी तार टोकाला चासीला टेकल्यास, इतर रोध नगण्य मानता, सुमारे १४० अँपिअर प्रवाह वाहू शकतो. त्यातून तीन किलोवॅटहून अधिक उष्णता निर्माण होते आणि काही क्षणांत आवरण पेट घेऊ शकते. १० अँपिअरचा फ्यूज असल्यास तो त्याआधीच वितळतो.

फ्यूजची क्षमता उपकरणाच्या नेहमीच्या प्रवाहापेक्षा थोडी अधिक, परंतु तारेच्या सुरक्षित वहनक्षमतेपेक्षा कमी ठेवली जाते. उदाहरणार्थ, २४ व्होल्टवरील ७० वॅटच्या दोन दिव्यांना सुमारे ५.८ अँपिअर प्रवाह लागतो; पुरेशा जाडीच्या तारेवर त्यांच्यासाठी १० अँपिअरचा फ्यूज चालतो. पात्यांच्या फ्यूजमध्ये १० अँपिअरसाठी लाल, १५ साठी निळा, २० साठी पिवळा आणि ३० साठी हिरवा रंग असतो. जुन्या वाहनांतील दंडगोल फ्यूजमध्ये मात्र पांढरा ८, लाल १६ आणि निळा २५ अँपिअरचा असतो. दोन्ही प्रकारांत रंगांचे अर्थ भिन्न असल्याने केवळ रंग पाहून फ्यूज बदलणे धोक्याचे ठरते.

फ्यूज बॅटरीच्या शक्य तितका जवळ बसवला जातो, कारण बॅटरी आणि फ्यूज यांमधील तारेला त्याचे संरक्षण मिळत नाही. वितळलेल्या फ्यूजच्या जागी तांब्याची जाड तार किंवा सिगारेटच्या पाकिटातील चंदेरी कागद लावल्यास संपूर्ण तारच फ्यूजप्रमाणे तापते. वारंवार जाणारा फ्यूज हे दोषाचे लक्षण असते. अधिक क्षमतेचा फ्यूज हा त्यावरील उपाय नव्हे.

फ्यूजची मर्यादा

सैल किंवा गंजलेला जोड फ्यूजला ओळखता येत नाही. ०.१ ओहम रोधाच्या जोडातून १० अँपिअर प्रवाह गेल्यास त्या एका बिंदूवर १० वॅट उष्णता साठत राहते, मात्र प्रवाह वाढत नसल्याने फ्यूज शाबूत राहतो. म्हणून तारा केवळ पिळून टेप गुंडाळण्याऐवजी योग्य मापाची थिंबल दाबून बसवली जाते. पत्र्याच्या छिद्रांत रबरी कडी, तारांवर संरक्षक नळी आणि ठरावीक अंतरावर पट्ट्या लावल्या जातात. ज्यादा दिव्यांसाठी स्वतंत्र फ्यूज व रिले वापरतात. बॅटरीजवळील कट-ऑफ स्विचमुळे उभ्या वाहनाचा विद्युतपुरवठा पूर्णपणे तोडता येतो.

मालाचे स्वरूप

कापूस लहानशा ठिणगीनेही पेटतो आणि वरची ज्वाला विझल्यावरही गाठीच्या आत दीर्घकाळ धुमसत राहू शकतो. उसाचे वाळलेले पाचट व कडबाही सहज पेट घेतात. त्यामुळे अशा मालाच्या वाहतुकीत मागील दिव्यांची व हौद्याखालील वायरिंगची तपासणी विशेष महत्त्वाची ठरते.

कायदेशीर तरतुदी

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५६ नुसार परिवहन वाहनांस योग्यता प्रमाणपत्र आवश्यक असते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ६२ प्रमाणे आठ वर्षांपेक्षा जुन्या वाहनांच्या प्रमाणपत्राचे नूतनीकरण एका वर्षासाठी होते. दोन तपासण्यांमधील काळात वायरिंगची देखभाल वाहनमालकावर अवलंबून असते.

आग लागल्यास

जळक्या प्लास्टिकचा वास किंवा धूर आल्यास वाहन वस्तीपासून व इतर वाहनांपासून दूर थांबवून इंजिन बंद करणे, सर्वांना खाली उतरवणे आणि शक्य असल्यास बॅटरीचा पुरवठा तोडणे हा क्रम सुरक्षित मानला जातो. वायरिंगच्या आगीवर कोरड्या रासायनिक भुकटीचे अग्निशामक उपयुक्त असते. आग मालापर्यंत पोहोचल्यास दूर राहून १०१ किंवा ११२ या क्रमांकावर मदत मागितली जाते.