हरवलेला पिंगळा आणि पाहणारी माणसं

मंडळी, हल्ली कुणालाही विचारा, त्याच्या फोनवर छंदाचा एक तरी गट असतोच. कुणी जुन्या नाण्यांच्या गटात, कुणी तबकड्यांवरच्या गाण्यांच्या, तर कुणी गच्चीवरच्या भाजीपाल्याच्या. आमची नात पुण्याला असते. ती म्हणते, "आजोबा, गर्दीच्या ठिकाणी आता कुणी रमत नाही. आपल्यासारख्याच वेड्यांचं एक छोटं गाव प्रत्येकाला हवंय." मला तिचं म्हणणं पटलं. फक्त त्यातला 'आता' हा शब्द तेवढा पटला नाही. उभा जन्म इतिहास शिकवण्यात गेल्यामुळे असेल, पण 'आता' म्हटलं की माझे कान टवकारतात. :)

वेड्यांची गावं जुनीच आहेत. ती कशी वसतात आणि कशी उठून जातात, हे सांगायला आपल्या वऱ्हाडातल्याच एका पक्ष्याची गोष्ट पुरेशी आहे.

हा पक्षी म्हणजे रानपिंगळा. आपल्या घराभोवती, चिंचेच्या ढोलीत दिसतो तो साधा ठिपकेदार पिंगळा. त्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ कोरं, पाय जाड, शेपटीवर रुंद पट्टे. घुबडाच्या जातीचा असूनही हा दिवसाउजेडी सागाच्या रानात निष्पर्ण झाडाच्या शेंड्यावर बसलेला दिसतो. म्हणजे लपून राहण्याची याला काही हौस नाही. तरीही तो ११३ वर्षं कुणाला 'सापडला' नाही! कसा, ते पाहू.

अ‍ॅलन ऑक्टेव्हियन ह्यूम हे नाव आपण शाळेत काँग्रेसच्या स्थापनेच्या धड्यात पाठ केलं. १८९७ साली ज्या काँग्रेसचं अधिवेशन आपल्या अमरावतीत भरलं, दादासाहेब खापर्डे ज्याचे स्वागताध्यक्ष होते, त्या काँग्रेसच्या संस्थापकांपैकी हे ह्यूम. पण काँग्रेसच्या आधी त्यांना पक्ष्यांचं वेड होतं. सिमल्याच्या घरात त्यांनी पक्ष्यांचं संग्रहालयच उभारलं होतं. १८७२-७३च्या सुमारास त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचं नियतकालिक काढलं. मराठीत म्हणायचं तर 'विखुरलेली पिसं'. नाव अगदी चपखल. देशभर विखुरलेले लष्करी अधिकारी, इंजिनिअर, जंगलखात्यातले लोक, कलेक्टर, मळेवाले आपापल्या भागातल्या पक्ष्यांच्या नोंदी त्यांना पाठवायचे. कुणी कातडं पाठवायचा, कुणी अंडी, कुणी नुसतंच पत्र. शेजारच्या बंगल्यातल्या साहेबाला ज्यात काडीचा रस नाही, असं काही लिहायला यांना सिमल्याचा एक पत्ता सापडला होता. आजचा फोनवरचा गट यापेक्षा वेगळा काय असतो? फक्त उत्तर यायला तेव्हा महिना लागायचा.

याच पत्रव्यवहारातून रानपिंगळा जगाला कळला. ब्लुइट नावाच्या गृहस्थांना तो १८७२च्या डिसेंबरात आजच्या छत्तीसगडात मिळाला. ह्यूमनी १८७३ साली त्याचं वर्णन छापलं आणि ब्लुइट यांचंच नाव त्याला दिलं. पुढे खानदेशात शहाद्याच्या बाजूला जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याला आणखी काही मिळाले. १८८४पर्यंत एकूण सात नमुने. आणि तिथून पुढे शुकशुकाट.

त्याच सुमारास ह्यूम यांच्या घरी एक प्रसंग घडला. पंचवीस वर्षांच्या नोंदींचं त्यांचं हस्तलिखित, हजारो पानांचं, ते हिवाळ्यात सिमल्याबाहेर असताना घरातून गेलं. नोकराने ते बाजारात रद्दीच्या भावाने विकलं होतं. ह्यूमचं मन पक्ष्यांवरून उडालं ते उडालंच. ८० हजारांच्या आसपास नमुन्यांचा, म्हणजे कातडी आणि अंडी मिळून, आपला संग्रह त्यांनी १८८५ साली लंडनच्या संग्रहालयाला देऊन टाकला. अंकही त्यानंतर फार वर्षं चालला नाही. पत्रं पाठवणाऱ्यांचा पत्ताच हरवला.

आता, ह्यूमनी नाद सोडला म्हणून रानपिंगळा दिसेनासा झाला, असं मी म्हणणार नाही. दोन गोष्टी लागोपाठ घडल्या म्हणून एकीमुळे दुसरी घडली असं लिहिणाऱ्या पोरांचे मार्क मी आयुष्यभर कापले आहेत. १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी निघालीच होती. आठ जणांनी काढलेली. त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे आपले. म्हणजे वेड्यांचं एक गाव उठत होतं तेव्हा दुसरं वसत होतं. तरीसुद्धा रानपिंगळ्याचा धागा तुटला तो तुटलाच. सलीम अलींसारख्यांनी १९७०च्या दशकात शोध घेतला, तोही व्यर्थ गेला. पक्षी बहुधा नामशेष झाला, अशी समजूत बळावत गेली.

त्यातून एका माणसाची थाप मध्ये आडवी आली. रिचर्ड माइनर्ट्झहागेन नावाच्या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने आपल्याला १९१४ साली गुजरातेत मांडवीजवळ रानपिंगळा मिळाल्याचं सांगितलं होतं. नमुनाही होता. पामेला रासमुसेन या अमेरिकन अभ्यासक बाईंनी तो बारकाईने तपासला तेव्हा निघालं की, हा तर डेव्हिडसननेच मिळवलेला जुना पक्षी. संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी बांधून पुन्हा खपवलेला! मग बाईंनी ती १९१४ची नोंद बाजूला ठेवली आणि जुन्या खऱ्या नोंदी जिथल्या होत्या तिथेच शोध घ्यायचा असं ठरवलं. २५ नोव्हेंबर १९९७ला सकाळी शहाद्याजवळच्या डोंगरपायथ्याशी त्यांच्या सोबतच्या बेन किंग यांना तो दिसला. झाडावर, उघड्यावर, स्वस्थ बसलेला. पुढच्या दोन-तीन वर्षांत सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी सातपुडा पिंजून काढला, आणि त्यात आपल्या मेळघाटातही रानपिंगळा निघाला.

नातलगांपैकी ज्यांनी अकोला-खांडवा मीटरगेजने प्रवास केलाय, त्यांना धुळघाटचा वेढा आठवत असेल. गाडी डोंगराला वळसा घालून आपल्याच रुळांवरून जायची आणि आपण पोट्टे खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडायचो. ज्या मेळघाटातून ती गाडी रोज जात होती, त्याच मेळघाटात हा पक्षी होता. मेळघाट १९७४पासून व्याघ्र प्रकल्प आहे. तिथे वनरक्षक होते, प्रवासी होते, आणि सगळ्यांच्या आधीपासून कोरकू होते. कोरकू गुराख्याला तो कधी दिसलाच नसेल, हे मला पटत नाही. पण त्याला कुणी विचारलं नाही, आणि सिमल्याचा पत्ता त्याच्यासाठी नव्हताच.

म्हणून मला वाटतं, पक्षी हरवला नव्हता. पाहणाऱ्यांची एकमेकांशी असलेली ओळख हरवली होती.

मारुती चितमपल्ली यांचं मोठेपण मला इथे दिसतं. जंगलखात्याच्या नोकरीत ते नवेगावबांधला होते, मेळघाटातही होते. गोंड, कोरकू, पारधी, कोळी यांच्याजवळ बसून त्यांनी पाखरांची नावं आणि सवयी टिपून घेतल्या, आणि 'पक्षीकोश' मराठीला दिला. पुस्तकी माणसाने रानातल्या माणसाला आपल्या गावात घर दिलं. २००६ साली ते सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले तेव्हा आम्हा मास्तर मंडळींना केवढा आनंद झाला होता! जून २०२५मध्ये ते गेले. त्यांचा जन्मदिवस ५ नोव्हेंबर आणि सलीम अलींचा १२ नोव्हेंबर, म्हणून या दोन तारखांमधला आठवडा २०२०पासून आपल्या राज्यात पक्षी सप्ताह म्हणून पाळतात.

आता जरा घरचं सांगतो. अकोल्याच्या शाळेत माझ्यासोबत एक चित्रकला शिक्षक होते. दर रविवारी सायकलने कापशीच्या तलावावर जायचे. झाडाकडे बघत उभे असले की येणारा-जाणारा विचारायचा, "काय पाह्यता जी गुरुजी? काही हरपलं काय?" ते हसून सोडून द्यायचे. त्यांच्या बरोबरीचा दुसरा वेडा गावात त्यांना बरीच वर्षं माहीत नव्हता. मी सोबत जायचो, पण मी आपला डबा खायला. पुढे महाराष्ट्र पक्षिमित्रांच्या संमेलनाला गेले आणि परत आले ते वेगळेच होऊन. म्हणाले, "अहो, तिथे मला कुणी काही हरपलं का असं विचारलंच नाही!" छोटं गाव का हवं असतं, याचं याहून चांगलं उत्तर मी ऐकलेलं नाही.

सर चार वर्षांपूर्वी गेले. मागच्या उन्हाळ्यात त्यांच्या मुलाने घर आवरायला काढलं आणि मला फोन केला, "काका, बाबांच्या अकरा वह्या आहेत. रद्दीत टाकवत नाहीत आणि ठेवायच्या कुठे कळत नाही." मला ह्यूम आठवले. दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीने अकोल्याला गेलो आणि वह्या घेऊन आलो.

त्या वह्यांत रानपिंगळा नाही. नवल वाटावं असं फारसं काहीच नाही. तारीख, वेळ, ठिकाण, पक्षी, संख्या. चक्रवाक इतके, टिबुकली इतक्या, मध्येच पेन्सिलीने काढलेली एखादी चोच. पण १९८०च्या दशकातल्या पानापानावर एक नोंद येते: गावाबाहेर मेलेल्या ढोरावर गिधाडं, चाळीस, पन्नास, एकदा सत्तर. मग आकडे उतरत जातात. १९९८नंतर गिधाड हा शब्दच नाही.

गिधाडांचं काय झालं ते आता सगळ्यांना ठाऊक आहे. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या ढोरातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. कारण २००४च्या सुमारास उघड झालं, आणि २००६ साली जनावरांसाठीच्या त्या औषधावर आपल्याकडे बंदी आली. पण कारण शोधायच्या आधी, गिधाडं कमी झाली हे तरी कळलं कसं? भरतपूरला विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात गिधाडं मोजली होती आणि नव्वदच्या दशकात त्याच जागी पुन्हा मोजली, म्हणून. जुना आकडा नसता तर 'पूर्वी जास्त होती हो' एवढंच म्हणत बसलो असतो. दुर्मीळ पक्षी पाहिल्याचा आनंद ज्याचा त्याला, साध्या पक्ष्याची नोंद मात्र सगळ्यांच्या कामी येते.

आजचे गट या बाबतीत नशीबवान आहेत, आणि थोडे बेफिकीरही. नशीबवान अशासाठी की, २००२ साली अमेरिकेत सुरू झालेल्या ईबर्डसारख्या ठिकाणी कुणीही आपली यादी भरू शकतो, अगदी पन्नास वर्षांपूर्वीचीसुद्धा. भारतातल्या पक्ष्यांचा २०२३चा अहवाल अशाच ३० हजारांहून अधिक हौशी माणसांच्या ३ कोटी नोंदींवर उभा आहे. ९४२ प्रजातींची स्थिती त्यातून तपासली गेली. ह्यूम साहेब हे पाहते तर खुळावले असते. बेफिकीर अशासाठी की, आमच्या अमरावतीतल्या गटावर रोज सकाळी वडाळी आणि छत्री तलावावरचे सुंदर फोटो येतात, त्यांना पन्नास अंगठे मिळतात आणि संध्याकाळपर्यंत सगळं वर सरकून जातं. फोटोखाली तारीख नसते, संख्या नसते, कधी जागाही नसते. फोन बदलला की तेही गेलं. आता रद्दीवाला लागतच नाही!

माझं नव्या पोरांना सांगणं एवढंच. गाव वसवा, जरूर वसवा, हवं त्या नव्या जागी वसवा. एकट्या माणसाला "काही हरपलं काय?" याशिवाय दुसरं काही ऐकायला मिळालं पाहिजे. पण त्या गावात तीन गोष्टी असू द्या. सगळ्यांना उघडता येईल अशी एक वही. त्या वहीत खोटं न लिहिण्याचा नेम, कारण एका थापेने शोधणाऱ्यांना चुकीच्या जागी पाठवलं होतं. आणि वेशीवर एक मोकळी जागा, जिथे ज्याला लिहिता येत नाही पण जो रोज पाहतो, असा गुराखी, पारधी, कोळी येऊन बसू शकेल. तो सांगेल, आपण लिहू. त्याच्या नावासकट.

सरांच्या वह्यांचं काम सुरू आहे. मी वाचून दाखवतो, नात पुण्याहून रविवारी तासभर फोनवर ऐकत एकेक नोंद भरते. सरांचं अक्षर चित्रकाराचं, म्हणजे देखणं पण लागायला कठीण. तिसरी वही संपत आली आहे. मध्ये एका जागी 'काप. पूर्व काठ, बाभळीवर ३' असं आहे आणि पक्ष्याचं नाव पाण्याच्या डागात गेलं आहे. अकोल्याकडचे कुणी जुने जाणते सांगू शकतील का, १९८६च्या जानेवारीत कापशीच्या पूर्वेच्या बाभळींवर काय बसायचं? माहीत असेल तर कळवा. नक्की माहीत नसेल तर ती जागा कोरी ठेवू.